चित्र आहे, आवाज नाही

लग्नसराई संपली की नांदेड-लातूरकडच्या घरांत महिन्या-दोन महिन्यांनी एक पेनड्राइव्ह येऊन पडतो. मांडववाल्याचा, आचाऱ्याचा हिशेब मिटलेला असतो, राहिलेली असते ती 'शूटिंग'. घरातली झाडून सगळी मंडळी टीव्हीसमोर बसतात, कुणीतरी पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचतं आणि पडद्यावर उमटतं, 'फाइल नॉट सपोर्टेड'. फोन शूटिंगवाल्याला जातो. तो म्हणतो, "दादा, माझ्या कॉम्प्युटरवर तर मस्त चालायलंय." इकडून उत्तर जातं, "आमच्या टीव्हीवर चालंना, त्याचं काय?"

दोघंही खरंच बोलत असतात. पेनड्राइव्हमधलं लग्न पडद्यावर दिसायचं तर टीव्हीला एकामागून एक पाच कामं जमावी लागतात. पेनड्राइव्हवरची मांडणी वाचायची, फाइल उघडायची, चित्र उलगडायचं, आवाज उलगडायचा आणि हे सगळं न अडखळता वेळेत करायचं. प्रत्येक कामाचा कोड वेगळा, बहुतेकांचे परवाने वेगळे आणि प्रत्येक काम स्वतंत्रपणे बिघडू शकतं. म्हणूनच 'चालत नाही' एवढ्या तक्रारीवरून काही कळत नाही. नेमकं काय होत नाही हे सांगितलं, की दोष बहुधा हाती लागतो.

कॅसेटपासून पेनड्राइव्हपर्यंत

किल्लारीचा भूकंप झाला त्या १९९३ सालीच व्हीसीडीचं मानक ठरलं. तेव्हा मराठवाड्यात लग्नाचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर व्हायचं, आणि पुढे बरीच वर्षं तसंच चाललं. व्हीसीडीत चित्राचा आकार ३५२ बाय २८८ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी, आणि एका तबकडीत ७४ मिनिटं. त्यामुळे हळदीपासून पाठवणीपर्यंतचा सोहळा दोन-तीन तबकड्यांत विभागला जायचा. डीव्हीडीने आकार ७२० बाय ५७६ वर नेला.

या जुन्या तबकड्या पेनड्राइव्हवर उतरवताना दोन गोष्टी हमखास चुकतात. डीव्हीडीतलं चित्रण 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींत असतं, आणि एक व्हीओबी फाइल १ जीबीच्या पुढे जात नाही. तीन तासांचं लग्न अशा चार-पाच तुकड्यांत असतं. एकच तुकडा उतरवला, की अक्षता पडायच्या आधीच चित्रण संपतं आणि घरात सगळ्यांना वाटतं की डीव्हीडी खराब झाली. व्हीसीडीतली फाइल 'डॅट' नावाने संपते. टीव्ही हे नाव ओळखत नाही, म्हणून ती यादीतच दिसत नाही. आतलं चित्रण साधं एमपेग-१ प्रकारचं असतं. नावाचा शेवट बदलून 'एमपीजी' केला, तर अनेकदा तेवढ्यावरच काम भागतं.

उलटी अडचण जुन्या डीव्हीडी प्लेअरची. त्यांतल्या कित्येकांना पुढच्या बाजूला यूएसबीचं तोंड आहे, त्यामुळे आजचा पेनड्राइव्ह त्यात सहज बसतो. पण त्या प्लेअरला एमपेग आणि डिव्हएक्सच्या एव्हीआय फाइली तेवढ्या समजतात. २००३ साली आलेला एच.२६४, ज्यात आजच्या बहुतेक एमपी४ फाइली असतात, तो उलगडणारी चिपच त्यात नसते. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही.

पेनड्राइव्हच दिसेना

सगळ्यात पहिलं लक्षण म्हणजे टीव्ही पेनड्राइव्ह ओळखतच नाही, किंवा ओळखतो पण मोठी फाइल त्यावर बसत नाही. इथे व्हिडिओचा काही दोष नसतो. दोष पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा असतो.

फॅट३२ हा फॉरमॅट १९९६ पासून चालत आला आहे आणि जवळपास प्रत्येक टीव्ही तो वाचतो. पण त्यात एका फाइलचा आकार ४ जीबीला जरा कमीच राहावा लागतो. नेमकं सांगायचं तर ४,२९४,९६७,२९५ बाइट. लग्नाचं फुल एचडी चित्रण सेकंदाला २० मेगाबिट दराने ठेवलं, तर मिनिटाला १५० एमबी लागतात. म्हणजे ही मर्यादा साडेअठ्ठावीस मिनिटांतच गाठली जाते. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आणि फाइल ६ जीबीची असली, तरी कॉम्प्युटर 'फाइल टू लार्ज' म्हणून हात वर करतो, त्याचं कारण हेच.

यावर उपाय म्हणून शूटिंगवाले पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला, पण त्याचं तांत्रिक वर्णन सगळ्यांसाठी खुलं केलं ते २०१९ मध्ये. तोवर टीव्ही बनवणाऱ्या कंपनीला तो वापरायला परवाना घ्यावा लागे. म्हणून त्याआधीचे अनेक स्वस्त टीव्ही एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावला की गप्प बसतात. अशा घरासाठी फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा लहान तुकडे देणं हाच सरळ मार्ग.

पोर्टेबल हार्ड डिस्क लावल्यावर फक्त 'टिक-टिक' आवाज येत असेल, तर प्रश्न विजेचा असतो. यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळावा असं ठरलेलं आहे, आणि बऱ्याच डिस्कना फिरायला सुरुवात करताना याहून जास्त लागतो. वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये जोडला की तीच डिस्क मुकाट चालू लागते.

नाव एक, आत दुसरंच

फाइल दिसते, पण उघडत नाही, किंवा अर्धीच उघडते. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही चित्राच्या प्रकारांची नावं आहेत असं वाटत असतं. खरं तर ती नुसत्या वेष्टनाची नावं. लातूरच्या बाजार समितीत तुरीचं पोतं आलं, तर व्यापारी पोत्यावर काय छापलंय ते पाहून भाव लावत नाही. टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि तळहातावर घेऊन बघतो. एमपी४ हे पोत्यावरचं छापील नाव. आत चित्र एच.२६४ असेल, एच.२६५ असेल, आवाज एएसी असेल किंवा आणखी काही.

नळी खुपसण्याचं काम करणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, मीडियाइन्फो. फाइल त्यात टाकली की चित्राचा प्रकार, आकार, सेकंदाच्या चौकटी, दर सेकंदाचे मेगाबिट, आवाजाचा प्रकार हे सगळं एका पानावर येतं. शूटिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर 'मस्त' चालणारी आणि घरच्या टीव्हीवर न चालणारी फाइल का अडते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पानावरच्या दोन-तीन ओळींत मिळतं.

आवाज येतो, पडदा काळा

मीडियाइन्फोच्या पानावर चित्रापुढे 'एचईव्हीसी' असं दिसलं, तर फाइल एच.२६५ प्रकारची आहे. हे मानक २०१३ मध्ये आलं. तेवढ्याच दर्जाचं चित्र ते जुन्या एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत बसवतं. आयफोन २०१७ पासून याच प्रकारात चित्रण करतात. माळेगावच्या यात्रेत किंवा नांदेडच्या होला मोहल्ल्यात मोबाइलवर काढलेला व्हिडिओ जुन्या टीव्हीवर नुसता ऐकू येतो, तो यामुळे. एच.२६५ ची पेटंटं वेगवेगळ्या तीन गटांकडे विखुरलेली होती आणि प्रत्येकाचं शुल्क वेगळं. म्हणून स्वस्तातल्या टीव्हींत आणि कॉम्प्युटरांत त्याला फाटा दिला गेला. विंडोजमध्ये तर त्यासाठीची जोडणी वेगळी विकत घ्यावी लागते.

आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडला, की पुढचं चित्रण एच.२६४ मध्ये होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला व्हिडिओ मात्र बहुतेक सगळीकडे चालतो, कारण व्हॉट्सअ‍ॅप तो पाठवतानाच आवळून एच.२६४ करतं. दर्जा घसरतो, पण सहसा अडत नाही. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ रूपात जातो आणि मूळ अडचणीही सोबत घेऊन जातो.

लग्नाच्या बाबतीत आणखी एक कारण संभवतं. हल्ली हौशी मंडळी शूटिंगवाल्याकडून 'रॉ डेटा'ही मागून घेतात. २०१७ च्या पॅनासॉनिक जीएच५ पासून, पुढे २०२० च्या सोनी ए७एस थ्रीसारख्या कॅमेऱ्यांत, रंगाची माहिती १० बिटमध्ये आणि '४:२:२' पद्धतीने साठवता येते. संपादनात रंग सुधारायला ती उपयोगी पडते. टीव्हीतली चिप मात्र घरगुती वापराच्या '४:२:०' पद्धतीसाठी बनवलेली असते. एच.२६४ असूनही टीव्ही अशी फाइल नाकारतो, तेव्हा मीडियाइन्फोच्या पानावर 'क्रोमा' आणि 'बिट डेप्थ' या दोन ओळी पाहाव्यात.

चित्र दिसतं, आवाज येईना

हे दुखणं सिनेमांच्या फाइलींत जास्त. मोबाइलवर व्हिडिओ चालवणारा एमएक्स प्लेअर भारतात घराघरांत पोचलेला आहे, आणि 'ऑडिओ फॉरमॅट ईएसी३ इज नॉट सपोर्टेड' ही पाटी त्याच्या वापरकर्त्यांना पाठ झालेली आहे. एसी३ आणि ईएसी३ हे डॉल्बीचे प्रकार, डीटीएस हा दुसऱ्या कंपनीचा. परवान्याच्या अटींमुळे एमएक्स प्लेअरने हे आवाज उलगडणारा कोड आपल्या अ‍ॅपमधून काढून टाकला. वापरणाऱ्याने तो 'कस्टम कोडेक' म्हणून वेगळा उतरवून जोडायचा असतो.

टीव्हीवर अशी जोडणी करता येत नाही. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून टीव्हीतला डीटीएसचा आधार काढून टाकला. एलजीने २०२० मध्ये तेच केलं आणि २०२३ च्या काही मॉडेलांत तो परत आणला. त्यामुळे जुना टीव्ही देऊन नवा आणलेल्या घरात गमतीदार प्रकार घडतो. ज्या फाइली जुन्या टीव्हीवर खणखणीत वाजायच्या, त्या महागड्या नव्या टीव्हीवर मुक्या होतात.

याचा इलाज सोपा आहे, आणि त्यासाठी सबंध फाइल नव्याने घडवायची गरज नसते. अ‍ॅव्हिडिमक्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची. डाव्या बाजूला तीन रकाने असतात. 'व्हिडिओ आउटपुट'मध्ये 'कॉपी' तसंच राहू द्यायचं, 'ऑडिओ आउटपुट'मध्ये एएसी निवडायचं, 'आउटपुट फॉरमॅट' एमपी४ ठेवायचा आणि नव्या नावाने फाइल साठवायची. चित्राला हात लागत नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो आणि काम काही मिनिटांत होतं. चित्राचा प्रकारच बदलायचा असेल, तर हँडब्रेकसारखं सॉफ्टवेअर लागतं. ते प्रत्येक चौकट पुन्हा घडवतं, म्हणून साध्या कॉम्प्युटरवर तीन तासांच्या लग्नाला रात्र जाऊ शकते.

अडखळत, थांबत

चित्र आणि आवाज दोन्ही आहेत, पण दर थोड्या वेळाने गाडी अडते. अशा वेळी आधी फाइल पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. पेनड्राइव्हवर सुरळीत आणि नेटवर्कवरून अडखळत असेल, तर दोष वाटेत आहे. महागड्या टीव्हींनाही नेटवर्कच्या तारेचं तोंड अनेकदा १०० मेगाबिटचंच असतं, आणि फोर-के ब्लू-रेचा दर १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. अशा फाइलीसाठी त्या तारेपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं चांगलं वायफाय सरस ठरतं.

पेनड्राइव्हवरूनही अडखळत असेल, तर चौकटी मोजाव्यात. फुल एचडीचं चित्रण सेकंदाला ६० चौकटींनी केलं, की एच.२६४ ची ४.२ ही पातळी लागते. जुने टीव्ही आणि टीव्हीला जोडायचे बॉक्स ४.१ पर्यंतच जातात. तोच व्हिडिओ २५ किंवा ३० चौकटींचा करून घेतला की सुरळीत चालतो.

आणि पहिला अर्धा तास ठीक चालून मग रखडत असेल, तर बॉक्सवर हात ठेवून पाहावा. मे महिन्यात इकडे पारा चाळिशी ओलांडतो. टीव्हीच्या पाठीमागे भिंतीला चिकटवलेला, वारा न लागणारा अँड्रॉइड बॉक्स तापला, की त्यातली चिप स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करते. बॉक्स मोकळ्या जागी आणून ठेवला तरी फरक पडतो.

चौकोन, प्रश्नचिन्हं आणि भरकटलेल्या वेलांट्या

मराठी सबटायटलचं दुखणं वेगळं, आणि ते चार रूपांत दिसतं. 'किल्लारी' हा शब्द घेऊ. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये ते आठ घटक असतात. क, पहिली वेलांटी, ल, हलन्ताचं चिन्ह, पुन्हा ल, काना, र आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २४.

पडद्यावर नुसते चौकोन दिसले, तर टीव्हीत देवनागरीचा फाँटच नाही. प्रश्नचिन्हं दिसली, तर सबटायटलची फाइल साठवतानाच अक्षरं नष्ट झालेली आहेत. मे २०१९ च्या आधीचं विंडोजचं नोटपॅड फाइल आपणहून 'एएनएसआय'मध्ये साठवायचं, आणि त्यात देवनागरीला जागाच नव्हती. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांगच्या रांग दिसली, तर फाइल शाबूत आहे. टीव्ही ती चुकीच्या पद्धतीने वाचतोय एवढंच. सबटायटलच्या सेटिंगमध्ये 'यूटीएफ-८' निवडलं की अक्षरं जागेवर येतात.

सगळ्यात चिवट प्रकार चौथा. अक्षरं सगळी आहेत, पण पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर लटकते आणि 'ल्ला'चं जोडाक्षर न होता मध्ये पाय मोडलेला 'ल्' उभा राहतो. घटक ज्या क्रमाने साठवलेत त्याच क्रमाने टीव्ही ते मांडत सुटलेला असतो. जोडाक्षरं घडवण्याचं काम करणारा कोडच त्यात नसतो. तिथे सबटायटल कायमची चित्रात छापून घेणं एवढाच पर्याय उरतो, आणि हँडब्रेकमध्ये त्यासाठी 'बर्न इन' अशी खूण करायची सोय आहे.

फाइलच तुटलेली असेल तर

कधी कधी फाइल कॉम्प्युटरवरही उघडत नाही. एमपी४ मध्ये कोणती चौकट कुठे आहे याची सूची असते, आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहितात. ऐन मंगलाष्टकांत बॅटरी संपली, तर चित्रण कार्डावर असतं, पण सूची नसते. 'अनट्रंक' नावाचं सॉफ्टवेअर त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी धडधाकट फाइल नमुना म्हणून घेतं आणि तुटलेल्या फाइलची सूची नव्याने बांधायचा प्रयत्न करतं. बऱ्याचदा ते साधतं. मात्र त्या कार्डावर मधल्या काळात दुसरं काही साठवलेलं नसावं.

फाइल एका ठरावीक जागेपर्यंत नीट चालून मग कायमची गोठत असेल, तर पेनड्राइव्हवर संशय घ्यावा. बाजारात '१ टीबी' असं छापलेले, किमतीने अगदी किरकोळ पेनड्राइव्ह मिळतात. आत मेमरी थोडीच असते, पण कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगायचं त्यांना शिकवलेलं असतं. खरी जागा संपली, की पुढचा डेटा कुठेच उतरत नाही, तरी कॉपी मात्र 'पूर्ण' होते. जर्मन मासिक 'सी टी'चं एच२टेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतं आणि खरी जागा सांगतं.

दोष फाइलचा की टीव्हीचा, हे ठरवायला व्हीएलसी हा सगळ्यांत विश्वासू साक्षीदार. पॅरिसच्या एकोल सान्त्राल या महाविद्यालयात १९९६ साली सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो घडला, आणि उलगडणारा बहुतेक सगळा कोड तो स्वतःसोबत आणतो. २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळ भारतात अचानक बंद झालं. व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेला आधी कोणतीही सूचना मिळाली नव्हती. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने तिने सरकारला कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. व्हीएलसीवर चालतं आणि टीव्हीवर नाही, तर दोष टीव्हीच्या मर्यादेत. दोन्हीकडे नाही, तर बहुधा फाइलच बिघडलेली.

या नियमाला एक अपवाद आहे. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'साठी ओळखल्या जाणाऱ्या लातुरात आणि आजूबाजूला क्लासच्या तासिका पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर घेऊन अभ्यास करणारी मुलं आहेत. देशभरात अशा तासिका बहुधा कुलूपबंद करूनच विकल्या जातात. त्या फाइली व्हीएलसीतही उघडत नाहीत, मीडियाइन्फोलाही आत काय आहे ते सांगता येत नाही, आणि तरीही त्यांत काही बिघाड नसतो. क्लासने दिलेल्या खास प्लेअरवर, नोंदवलेल्या यंत्रावर आणि ठरलेल्या मुदतीतच त्या चालतात. मोठ्या पडद्यावर बघायच्या तर त्या लॅपटॉपवर चालवून एचडीएमआयच्या तारेने टीव्हीला जोडता येतील का, तेवढं पैसे भरण्याआधी क्लासकडे विचारून घ्यावं, कारण काही प्लेअर बाहेरचा पडदा जोडला की चित्र बंद करतात.